पंपापुरते बोलावणे

गुणवंत खापरे भिलाईतले सुपेला सोडून गेले त्याला येत्या दसऱ्याला तीन वर्षे पूर्ण होतील. जायचे त्यांनी ठरवले होते त्याच्याही आठ वर्षे आधी. मधली आठ वर्षे ते का थांबले, याची कारणे आमच्या गल्लीत प्रत्येकजण निराळी सांगतो आणि त्यांतले एकही खरे नाही. खरे कारण मला ठाऊक आहे, कारण त्या प्रकरणातला एकमेव कागद माझ्या हातचा आहे. दुर्गच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून मी बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो. शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु माझ्या मसुद्यातला एखादा शब्द बदलावा असे कोणा वकिलाला वाटल्याचे मला आठवत नाही. हजारो माणसांची गाऱ्हाणी मी कागदावर नीट बसवली. गुणवंतरावांचे तेवढे बसले नाही. म्हणून हे लिहीत आहे, आणि हे कोणाकडे सादर करायचे नाही.

त्यांचे दुकान आणि माझे घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. दुकानावर पाटी नव्हती. आत एक लाकडी बाकडे, भिंतीवर एका फळीला जोडलेला दिवा आणि त्याखाली लोंबणाऱ्या दोन तारा. त्या तारा बिघडलेल्या वस्तूला लावल्या की दिवा किती उजळतो यावरून दुखणे कुठे आहे ते कळते. खाली जमिनीवर पोटे उघडी टाकून पडलेले मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन. या सगळ्यांच्या मध्ये मालक मांडी घालून बसलेले: उंच, हडकुळे, मे महिन्यातही पूर्ण बाहीचा सदरा मनगटापाशी गुंडी लावून घातलेला. बोलणे कमी, आणि तेही यवतमाळकडच्या आपल्या बोलीत, जी पंधरा वर्षांच्या मुक्कामातही हिंदीने फारशी बाटवली नव्हती.

कोणत्याही वस्तूला पहिला स्पर्श ते हाताच्या पाठीने करीत. याचे कारण मी पहिल्याच आठवड्यात विचारले होते.

"करंट असला मुन्शीजी, तं मूठ आवळते," ते म्हणाले. "तळहातानं धरलं तं वस्तू सोडत नाई माणसाले. उलट्या हातानं शिवलं तं हात आपोआप मांगं येते. म्हणून आधी पाठ, मंग पोट."

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की तव्यावरची भाकरी, शेजारच्या लेकराचे तापलेले कपाळ, नव्याने भेटलेल्या माणसाचा खांदा, सगळ्याला ते आधी हाताची पाठच लावीत. शेवंताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा माझ्या घरी सांगत होत्या, "लग्नात माझा हात धरा म्हणे भटजी, तं यायनं उलटाच हात पुढं केला. माझ्या मामानं विचारलं, नवरदेव लुळा हाये का जी?"

दुसरी सवय प्रश्नांची. वस्तू उघडण्याआधी ते घराला प्रश्न विचारीत. कधी बंद पडते, चालवत कोण होते, आधी काय वाटले, खाली ओले होते का, आवाज आला की वास आला. टाउनशिपच्या सेक्टरांतून चहूकडचे लोक राहतात हे भिलाईत कोणाला सांगायला नको. तिथल्या एका तमिळ आजीबाईंचा मिक्सर दर शनिवारी बंद पडे आणि सोमवारी मिस्त्रीकडून आला की आठवडाभर चाले. दोन मिस्त्रींनी तो उघडून पुन्हा बंद करून दिला होता. गुणवंतरावांनी पाटावर बसून चौकशी केली, तेव्हा शनिवारी रविवारच्या इडलीची डाळ वाटली जाते असे निघाले. त्यांनी मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेले एक लाल बटण दाबले आणि मिक्सर सुलटा ठेवून दिला.

"दो मिनट चलाओ अम्मा, एक मिनट रुको. थकता है बेचारा. थका तो ये बटण बाहेर आता है."

"खोलके तो देखो!" आजीबाई रागावल्या. पहिले दोघे तासभर खोलून बसले होते, आणि हा माणूस नुसता बटण दाबून निघाला, हा त्यांना आपल्या मिक्सरचा अपमान वाटला.

"जो बीमार नहीं, उसका पेट कायको फाडना?" असे म्हणून ते उठले. मी त्या दिवशी सोबत होतो; परतीच्या वाटेवर सायकल चालवता चालवता मागे बसलेल्या मला म्हणाले, "खोललं असतं तं खूश झाली असती म्हातारी. पण मंग मी आन् थो पावर हाऊसवाला सेठ, फरक काय राह्यला?"

पावर हाऊस भागातला हा सेठ त्यांच्या पहिल्या नोकरीतला मालक. पोलादाच्या कारखान्यात लागू या आशेने गुणवंतराव भिलाईला आले, बोलावणे येईपर्यंत पोटाला आधार म्हणून त्या दुकानात राहिले, आणि बोलावणे आलेच नाही. सेठने त्यांना हाताखाली घेताना पहिला धडा दिला तो असा: बोलावले असेल त्या वस्तूसोबत घरातली आणखी एक तरी वस्तू उघडायची, नाक मुरडायचे आणि "ये भी जानेवाला है" असे म्हणून पिशवीत घालून आणायची. गुणवंतरावांनी हे सात महिने केले. आठव्या महिन्यात ते दुकान सोडून सुपेल्याला आले, आणि त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला. ज्यासाठी बोलावले तेवढेच उघडायचे. बाकीच्या घराकडे पाहायचेसुद्धा नाही.

या नियमाचे प्रात्यक्षिक मी एकदा पाहिले आहे. सेक्टर दहामध्ये एका साहेबांच्या मातोश्रींचा पेन्शनचा अर्ज मला लिहायचा होता आणि त्यांच्याच घरी गुणवंतरावांना फ्रिजसाठी बोलावले होते, म्हणून आम्ही बरोबर गेलो. फ्रिज दिवसभर घुरघुरतो, थांबत नाही, अशी तक्रार होती. गुणवंतरावांनी वर्तमानपत्राचा एक कागद फ्रिजच्या दारात धरून दार लावले आणि कागद ओढला. तो अलगद निघून आला. चार ठिकाणी करून पाहिले. खालच्या कोपऱ्यात कागद अडतच नव्हता. दाराचे रबर तिथे सैल पडले होते, थंडावा बाहेर जात होता, आणि यंत्र बिचारे सगळ्या घराला थंड करू पाहत होते. त्याच खोलीत टेबलावर एक पंखा फिरत होता. त्याच्या तारेचे आवरण मध्येच चिरलेले आणि आतले तांबे चमकत असलेले मलाही दिसले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "गुणवंतराव, तो पंखा पाहिलात?"

"पाह्यला."

"मग बोलला नाहीत?"

"मले फ्रिजसाठी बोलावलं होतं, मुन्शीजी. पंख्याचं बोललो असतो तं बाई म्हणाली असती, आला धंदा वाढवाले."

मला त्या वेळी त्यांचा मोठा अभिमान वाटला. कचेरीभोवती जिथे प्रत्येकजण एका कामातून दुसरे काम उकरून काढतो, तिथे असा माणूस आपला शेजारी आहे, हे मी कितीतरी पक्षकारांना सांगत असे. मीच त्यांच्या नियमाची इतकी जाहिरात केली की लोक त्यांना "एकच खोलणारा मिस्त्री" म्हणून ओळखू लागले.

शेवंताबाईंना सुपेला कधी मानवले नाही. चौकातला धूर, ट्रकांचा गोंगाट, एका खोलीत दुकान आणि मागल्या खोलीत संसार, दोन्हीच्या मध्ये एक पडदा. पुलगावला त्यांच्या भावाने नवे दुकान बांधले आणि शेजारचा गाळा भावजींसाठी राखून ठेवला. मागे अंगण, अंगणात विहीर. दसऱ्याला या, असे पत्र आले. गुणवंतराव पहिल्यांदाच मला मोठ्याने हसताना दिसले ते त्या दिवशी. त्यांनी नवी कामे घेणे थांबवले, जमिनीवरची पोटे एकेक करून बंद केली. शेवंताबाईंनी पडदा धुऊन घडी करून ठेवला. आता लागणार नाही म्हणाल्या. मे महिना होता.

त्याच महिन्यात हुडको वसाहतीतले पोहनकरबाबू बोलवायला आले. आपल्याकडचेच, अमरावतीचे, कारखान्याच्या एका दफ्तरात कारकून, म्हणून गुणवंतरावांना नाही म्हणवले नाही. त्यांच्या कूलरचा पंप पाणी चढवत नव्हता. गुणवंतरावांनी हात पाण्यात घालण्याआधी प्लग भिंतीतून ओढून काढला, पंप बदलला, पाणी खळखळ वाहू लागलेले पाहिले आणि परत आले.

त्यानंतर दहाव्या दिवशी दुपारी पोहनकरवैनी उघड्या पायांनी, ओल्या फरशीवर उभ्या राहून बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होत्या. त्यांचा उजवा हात पत्र्याला लागला आणि तिथेच राहिला. शेजारणीने कपडे धुण्याची मोगरी आणून त्या हातावर मारली तेव्हा तो सुटला. जीव वाचला. तीन बोटे मात्र भाजून आत वळली, ती पुन्हा कधी उलगडली नाहीत.

गल्लीला आणि हुडकोला कारण शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. दहा दिवसांपूर्वी कूलरला कोणी हात लावला होता? खापऱ्याने. गुणवंतराव त्याच दुपारी सायकल काढून तिकडे गेले. परत आले तेव्हा मी ओट्यावर उभा होतो. मी विचारले, "काय होते?" ते आत गेले. त्यांनी भिंतीवरच्या फळीचा दिवा लावला, आणि त्या दोन मोकळ्या तारांकडे पाहत संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

दवाखान्यातून वैनी घरी आल्यावर पोहनकरांच्या नातेवाइकांनी पोलिसात जाण्याची भाषा सुरू केली. पोहनकरबाबू स्वतः म्हणाले, पोलीस नको, लिहून घ्या. त्या बैठकीला मला बोलावले गेले. गुणवंतराव दाराशी उकिडवे बसले होते. मी विचारले, "चूक कबूल आहे?" त्यांनी होकाराची मान हलवली. पोहनकरबाबू खिडकीबाहेर पाहत होते.

आता एक गोष्ट स्पष्ट नमूद करणे मला भाग आहे. माझे सारे आयुष्य हिंदी अर्जांत गेले. दुर्ग तेव्हा मध्य प्रदेशात, आणि तिथल्या कचेरीत दुसरी भाषा चालत नसे. दोन्ही बाजू मराठी, आणि कागद आपसातला, अशी वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती. मी लेखणीला मोकळे सोडले. कबुली, दिलगिरी, भविष्यातील सावधगिरी हे सर्व लिहून झाल्यावर कागद मला शेवटी थोडा उघडा वाटला. म्हणून मी एक कलम जोडले: "जोपर्यंत सौ. पोहनकर यांचा उजवा हात पूर्ववत होत नाही, तोपर्यंत सदर कुटुंबाच्या घरातील विजेच्या समस्त उपकरणांची देखभाल मी स्वतः उपस्थित राहून करीन व तोवर हे गाव सोडणार नाही." हे कलम कोणीही मागितले नव्हते. मी ते वाचून दाखवले तेव्हा एक म्हातारा नातेवाईक म्हणाला, "वा." गुणवंतरावांनी सही केली.

दसरा आला आणि गेला. शेवंताबाईंनी पडदा पुन्हा लावला.

यानंतरचे गुणवंतराव निराळेच झाले. नियम उलटा फिरला. इस्त्रीसाठी बोलावले तर ते आधी सगळ्या खोल्यांतून हिंडून एकेका भिंतीवरचा बोर्ड पाहत, प्रत्येक प्लग काढून उघडत, आत डोकावत. हुडकोतल्या एका बाईंनी मला तक्रार ऐकवली, "तुमचा तो मिस्त्री झडती घेऊन राहिला का घराची? देवघरातल्या दिव्याचा प्लगही खोलला बाप्पा! मी म्हटलं, कावून? तं म्हणे, पाहू द्या." हिंदी मुलखातली गिऱ्हाइके "आ गया इन्स्पेक्टर" म्हणून दार लावून घेत. ज्या नियमासाठी ते नावाजले होते तो मोडल्यामुळे ते बदनाम झाले, आणि ज्या माणसाच्या हातून अपघात घडला तो आता सगळ्यांच्या घरी बिघाड शोधत फिरतो, याची चेष्टा वेगळी. दुकानात वस्तू कमी होत गेल्या. जमीन दिसू लागली.

दर होळीनंतर मात्र ते न चुकता हुडकोला जात. एकदोनदा मी त्यांच्यासोबत गेलो आहे. वैनी जात्या तिखट जिभेच्या. दारातच सुरुवात होई.

"आले का? मले वाटलं, यंदा तरी पळाले असन पुलगावले."

"नाई जी, वैनी."

"गवताच्या पॅडा बदलता का नुसतं पाहूनच जाता? मांगच्या वर्षी तं दोन घंटे नुसते पाहून राहिले होते कूलरकडं, जसं काई पोरगी पाहाले आले."

डाव्या हाताने त्या चहाचा कप पुढे करीत. उजवा पदराखाली असे. गुणवंतराव चहा प्यायच्या आधी प्लग पाहत, भिंत पाहत, मीटर पाहत, शेवटी हाताची पाठ पत्र्याला लावून डोळे मिटून उभे राहत. तोवर पोहनकरबाबू आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत. ते कधी बाहेर आल्याचे मला आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी शेवंताबाई माझ्याकडे आल्या. हातात भावाचे पत्र. गाळा रिकामा ठेवणे आता जमत नाही, या पावसाळ्यापर्यंत या, नाहीतर दुसऱ्याला देतो.

"भाऊजी, तुमीच लिवला ना थो कागद?" त्या म्हणाल्या. "बाईचा हात काई सुदा होत नाई. डाक्टरनं सांगतलं. मंग आमी इथंच मराचं का? असं कसं लिवलं तुमी?"

त्या बाईने माझ्यावर आवाज चढवला नाही. 

मी गुणवंतरावांकडे गेलो आणि त्यांना कायदा समजावून सांगितला. त्या कागदावर स्टँपचे तिकीट नाही, साक्षीदारांच्या सह्या नाहीत, कोणत्याही कचेरीत त्याला काडीचे मोल नाही. तो मी लिहिला आहे आणि मीच सांगतो की तो फाडून टाकावा. ते इस्त्रीच्या तारेवरचे जुने कापड सोडवत होते. 

"मुन्शीजी," ते म्हणाले, "कागदानं नाई बांधलं मले."

मग त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे देतो. पंप बदलायला गेले त्या दिवशी त्यांनी कूलरचा प्लग ओढून काढला, तेव्हा प्लगचे झाकण फुटलेले होते आणि आत लाल तारेचा एक आखूड तुकडा दिसत होता. प्लगला तीन पाय असतात. एकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते, आणि तिसरा जमिनीशी जोडलेला असतो, म्हणजे पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत जावी. त्या घरातल्या भिंतीत जमिनीची तार तुटलेली होती, त्यामुळे कूलरला हात लावला की मुंग्या येत. कोणीतरी घरच्या घरी उपाय केला होता: लाल तुकड्याने दुसरा पाय आणि तिसरा पाय आतल्या आत जोडून दिला होता. मुंग्या थांबतात. आपल्याकडे अर्ध्या घरांत लोक हेच करतात आणि एकमेकांना शिकवतातही.

"पण खांबावर कोणी तारा उलटसुलट जोडल्या," ते म्हणाले, "तं थोच दुसरा पाय सगळा करंट कूलरच्या पत्र्यात सोडते. आन् झालं तेच. वादळ आलं ना त्या हप्त्यात? तार तुटली, कोणीतरी जोडली. दिवे लागतात, पंखे फिरतात, कोणाले काई समजत नाई. फक्त थो कूलर..."

"म्हणजे तुमची चूक नव्हतीच!" मी ओरडलो. "तो तुकडा कोणी जोडला? पोहनकरांनी?"

"आणिक कोण जोडन? मी त्या दुपारी गेलो तं प्लग कापून फेकलेला होता. नवा लावला होता. तार ताजी कापलेली. बाबूनं माझ्याकडं पाह्यलं नाई, मीही बोललो नाई."

"आणि तुम्ही सही केली? मी आत्ता नवा कागद लिहितो. आत्ता!"

"बसा जी." त्यांनी माझ्या मनगटाला हाताची पाठ लावून मला खाली बसवले. "तुकडा मी पाह्यला होता, मुन्शीजी. दहा दिवस आधी. माझ्या डोयानं. याच्यानं माणूस मरते हे मले माईत होतं, त्याले माईत नव्हतं. पेचकसानं एक स्क्रू फिरवला असता तं झालं असतं. पण मले पंपापुरतं बोलावलं होतं. मी प्लग पुन्हा भिंतीत खोसला आन् घरी आलो." ते पुन्हा कापड सोडवू लागले. "बाईले सांगू का, तुह्या नवऱ्यानं केलं म्हणून? तिले त्याच घरात राहाचं हाये. आन् माझं काय, मी तं पाहूनच आलो होतो."

 मी त्यांच्या नियमाची जाहिरात केली होती हे मी वर लिहिलेच आहे. त्या पावसाळ्यात पुलगावचा गाळा एका शिंप्याला गेला.

पाच वर्षे आणखी गेली. पोहनकरबाबू निवृत्त झाले आणि त्यांनी अमरावतीला परत जायचे ठरवले. सामानाचा ट्रक राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर अडवला जाऊ नये म्हणून सामानाची यादी करायला मला बोलावले होते, आणि कूलर-पंखे सोडवून बांधायला अर्थातच गुणवंतरावांना. सकाळपासून बांधाबांध चालली होती. दहाच्या सुमारास घर रिकामे झाले. पोहनकरबाबू ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी ओसरीवर यादीवर शेवटची रेघ मारत होतो. गुणवंतराव कूलरभोवती सुतळी गुंडाळत होते. वैनी उंबऱ्यात उभ्या होत्या.

"खापरेभाऊ," त्या हळूच म्हणाल्या. आठ वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना या माणसाला नावाने हाक मारताना ऐकले. "मले माईत होतं."

गुणवंतरावांचा हात थांबला.

"यायनं थो प्लग जोडला तवा टॉर्च मीच धरला होता. यायच्या आफिसातल्या कोणीतरी सांगतलं होतं, तुकडा लावा म्हणून. मी म्हटलंही, खापऱ्यायले बोलवा, तं म्हणे, एवढ्याशासाठी? मी बोलली असती तं हे मेले असते शरमेनं. तसेही आठ वर्षं आतल्याच खोलीत बसून हायेत. आन् तुमी येनं सोडलं असतं तं यायनं पुन्हा सोताच काई खोललं असतं. म्हणून टोचून टोचून बोलवत राह्यली तुमाले."

गुणवंतराव पायरीवर बसले. मला वाटले, आता हा माणूस सुटला. आठ वर्षांचे ओझे एका बाईने चार वाक्यांत उतरवले, असे माझ्या मनात अगदी शब्दांत तयार झाले. ते मात्र मान खाली घालून म्हणाले:

"वैनी, मीही पाह्यला होता थो तुकडा."

"कवा?"

"पंप बदलला तवा."

"म्हंजे... दहा दिवस आधी?"

"हाव."

 ट्रकच्या इंजिनाचा आवाज सुरू झाला. वैनींनी पदर उजव्या हातावर ओढून घेतला, आणि पायऱ्या उतरून त्यांच्या बाजूने पुढे गेल्या. ट्रकवर चढताना मागे वळून एवढेच म्हणाल्या, "कूलर आडवा नका ठेवू. पत्रा वाकते."

गुणवंतरावांनी कूलर उभा बांधला. ट्रक गेला.

त्यानंतर त्यांनी सुपेल्याला राहण्याचे काही कारण उरले नव्हते, आणि तरी ते चार महिने राहिले. शेवंताबाई रोज विचारत, ते रोज "पाहू" म्हणत. मेहुण्याच्या दुकानात आता गाळा नव्हता, एक कोपरा होता. तेवढ्यावर या, असे पत्र होते. मी एकदा न राहवून म्हणालो, तुमच्या निर्दोषत्वाचा एक कागद करून देतो, जवळ असू द्या.  "मुन्शीजी," ते म्हणाले, "आता काई लिवू नका."

ते गेले त्या सकाळी मी दुर्गच्या बसमध्ये बसलो होतो आणि बस सुपेला चौकात सवाऱ्या भरत थांबली होती. खिडकीतून मला ते दोघे दिसले. स्टेशनाकडे जाणारी वाहने रस्त्याच्या पलीकडे मिळतात. शेवंताबाई पेटी घेऊन केव्हाच पलीकडे पोहोचल्या होत्या. गुणवंतराव वळकटी काखेत धरून अलीकडे उभे होते. ट्रकांची रांग गेली, रस्ता मोकळा झाला. ते हलले नाहीत. पुन्हा रांग आली, पुन्हा रस्ता मोकळा झाला. त्यांनी एक पाऊल टाकले आणि मागे घेतले.

"या ना जी!" शेवंताबाई पलीकडून ओरडत होत्या. "कोणाची वाट पाहून राहिले?"

तिसऱ्यांदा रस्ता मोकळा झाला तेव्हा त्यांनी पेटी एका चहाच्या टपरीपाशी टेकवली, पदर खोचला आणि त्या स्वतः परत अलीकडे आल्या.  त्यांनी नवऱ्याचे मनगट गच्च धरले आणि येणाऱ्या ट्रककडे न पाहता चालू लागल्या. त्यांच्या मागे गुणवंतराव, मान खाली, वळकटी सावरत. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला, शिवी दिली. दोघे थांबले नाहीत. मग आमची बस सुटली.

कंडक्टरने माझ्याकडे तिकिटासाठी हात पुढे केला होता. तो किती वेळ तसाच उभा होता, कोण जाणे.